बेळगाव ते हॅम्बुर्ग: एक्स-रे लेझर बघायला जाणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांचा दिवस मायक्रोमीटर आणि डायल गेज हातात धरून जातो, त्यांनी जमेल तेव्हा हॅम्बुर्गजवळचा युरोपियन एक्सएफईएल, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरणांचा लेझर बनवणारं यंत्र बघावं, असं मला मनापासून वाटतं. भाची तिथे संशोधन करते, म्हणून माझं जाणं झालं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून कुणी निघालंच, तर त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

आधी व्हिसा. अर्ज कुठे द्यायचा, ते आधी विचारून घ्या. एकत्र जाणार असाल तर सगळ्यांच्या तारखा हातात आल्यावरच तिकीट काढा. आणि भाचरांसाठी कुंदा बांधून घेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. चिवडा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

यंत्र जमिनीखाली आहे, ३.४ किलोमीटर लांब. सुरुवात हॅम्बुर्गच्या बारेनफेल्ड भागात, डेझी या संशोधन संस्थेच्या आवारात. शेवट शेनेफेल्ड गावात. हे गाव श्लेस्विग-होल्स्टाइन या दुसऱ्या राज्यात येतं, म्हणजे बोगदा राज्याच्या सीमेखालून जातो. त्यासाठी दोन्ही राज्यांनी २००४ साली करार केला. वर घरं, शेतं, रस्ते आहेत. सीमा कुठे ओलांडली ते मला कळलंही नाही. आपल्या भागातल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

शेनेफेल्डला रेल्वे स्टेशन नाही, शेवटचा टप्पा बसनेच. यंत्र चालू असताना किरणोत्सर्गामुळे बोगद्यात कुणालाच सोडत नाहीत, त्यामुळे बोगद्याची आस धरून जाऊ नका. लाइटहाउस नावाचं अभ्यागत केंद्र आहे. मार्गदर्शकासह फेरी हवी असेल तर आधी नोंदणी करा आणि प्रयोगाचा हॉल त्या फेरीत आहे का, ते विचारून घ्या. हॉल जमिनीखाली १४ मीटरवर आहे, क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस मीटर. पासपोर्ट जवळ असू द्या. कुणाला पेसमेकर असेल तर नोंदणी करतानाच कळवा, चुंबकांचा प्रश्न असतो.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते कापून ठेवलेल्या कॅव्हिटीपाशी, म्हणजे इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या पोकळ नळीपाशी. शुद्ध नायोबियम या धातूची, मीटरभर लांब, नऊ फुगे एकापुढे एक जोडल्यासारखी. २.८ मिलिमीटरच्या पत्र्यातून प्रेसवर अर्ध्या वाट्या ओढतात आणि निर्वातात इलेक्ट्रॉन बीमने त्यांचं वेल्डिंग करतात. मी आतल्या शिवणीवर नजर रोखून बर (धातूची उरलेली खरखरीत कड) शोधत होतो, मिळाली नाही. धुळीचा एक कण आत राहिला तरी कॅव्हिटी पूर्ण ताकदीने चालत नाही, म्हणून जुळणी क्लीन रूममध्ये. अशा आठ-आठ कॅव्हिटी १२ मीटर लांबीच्या पिवळ्या नळकांड्यांत बसवल्या आहेत. द्रवरूप हेलियमने त्यांना उणे २७१ अंशांपर्यंत गार ठेवलं जातं. त्या तापमानाला नायोबियमचा विद्युतरोध जवळजवळ नाहीसा होतो आणि इलेक्ट्रॉनना १७.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा देता येते.

पुढे अंड्युलेटर. वर-खाली चुंबकांच्या रांगा, उत्तर-दक्षिण आलटून पालटून, मधून इलेक्ट्रॉन नागमोडी धावतात आणि क्ष-किरण सोडतात. एकेक तुकडा ५ मीटरचा. बोगद्याच्या एका शाखेत असे ३५, म्हणजे दोनशे मीटरहून लांब रांग. दोन जबड्यांमधली फट १० मिलिमीटरपर्यंत खाली आणता येते आणि ती मायक्रॉनच्या हिशेबात सांभाळावी लागते, कारण फट बदलली की किरणांची तरंगलांबी बदलते. एवढ्या लांबीवर एवढा टॉलरन्स!

भाचीने एक गोष्ट नीट समजावली. ‘‘मामा, साध्या लेझरसारखे दोन टोकांना आरसे लावून इथे भागत नाही. समोरून आलेले क्ष-किरण तसा आरसा परतवत नाही. एकाच फेरीत काय ते साधायचं.’’ सुरुवातीला इलेक्ट्रॉन आपापल्या तालात प्रकाश सोडतात. मग तोच प्रकाश त्यांना पातळ थरांत लावत जातो, आणि शेवटी सगळे एकसुरात चमकतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत विस्कळीत सुरू झालेलं लेझीम पथक एका ठेक्यावर येतं तसं. फक्त इथे ठेका बाहेरून कुणी देत नाही.

मुक्त इलेक्ट्रॉन लेझरची कल्पना जॉन मेडी यांनी १९७१ मध्ये मांडली. क्ष-किरणांपर्यंत पोचायला पुढची बरीच वर्षं गेली: डेझीचा फ्लॅश हा लेझर २००५ मध्ये मऊ (लांब तरंगलांबीच्या) क्ष-किरणांच्या वाटेवर संशोधकांसाठी खुला झाला, कठीण (आखूड तरंगलांबीच्या) क्ष-किरणांचा पहिला लेझर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या प्रयोगशाळेत पेटला, आणि हॅम्बुर्गचं यंत्र २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झालं. सेकंदाला २७,००० झोत. एकेक झोत इतका क्षणिक, की प्रथिनाचा स्फटिक फुटण्याआधीच त्याची नोंद घेऊन होते. प्रथिनांची रचना, रासायनिक क्रियेची मधली पायरी, अशा गोष्टी त्यामुळे बघता येतात.

बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची मुलं घरात असतील तर डेझीच्या उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमाची माहिती त्यांना जरूर द्या. तो जगभरातल्या मुलांना खुला असतो आणि अर्ज हिवाळ्यातच भरावा लागतो. शिक्षकांचं शिफारसपत्र आधीपासून मागून ठेवा.

एवढा खर्च झेपत नसेल तर इंदूर गाठा. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण मिळवणारं यंत्र) आहे, अवरक्त किरणांचा मुक्त इलेक्ट्रॉन लेझर आहे आणि नायोबियमच्या कॅव्हिटीही बनवतात. अणुशास्त्रज्ञ रामण्णा आपल्याच राज्यातल्या तुमकूर जिल्ह्यातले. पुण्याहून इंदूरला थेट रेल्वे आहे. मात्र अणुऊर्जा विभागाची जागा असल्याने परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. कॉलेजच्या लेटरहेडवर, मुलांच्या नावांच्या यादीसह अर्ज आधी पाठवा.