५४.६ व्होल्ट

लिथियम-आयनचे तेरा सेल एका ओळीत जोडलेला पॅक ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे त्याला काहीही देऊ नये. लेड ॲसिडवर चालणाऱ्या ४८ व्होल्टच्या गाडीचा चार्जर मात्र ५८-५९ पर्यंत चढतो, कारण त्या बॅटऱ्यांना तेवढं लागतं. आणि दोन्ही चार्जरची तीन पिनांची जोडणी पुष्कळदा अगदी सारखी असते. लेड ॲसिडचा चार्जर लिथियमच्या पॅकमध्ये सहज बसतो.

मी भोसरीत बॅटरी पॅक जुळवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला आहे. सोसायटीतल्या एका काकांच्या कमी वेगाच्या स्कूटरची लेड ॲसिड बॅटरी संपली, तेव्हा दुकानदाराने तिच्या जागी लिथियमचा पॅक बसवून दिला. काकांनी मला सहज दाखवायला बोलावलं. "चार्जर जुनाच चालेल म्हणाला गं, उगाच खर्च कशाला." पॅक दिवाणखान्यात, दाराजवळच्या चपलांच्या कपाटाला टेकवून रात्रभर चार्जिंगला लावलेला असायचा. निळ्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव नाही, सेल कधी बनले ती तारीख नाही, किती व्होल्टला चार्जिंग थांबवायचं तेही नाही.

५८.५ ला तेराने भागा. सेलमागे साडेचार व्होल्ट. सेल भरतो ४.२ ला. मधल्या फरकापासून वाचवायला उरतो फक्त बीएमएस, म्हणजे पॅकच्या आतला तळहाताएवढा सर्किट बोर्ड. तो चांगला असेल तर वेळेवर पुरवठा तोडतो. त्यातला एक मॉस्फेट, म्हणजे पुरवठा तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झाला, की चार्जर आणि सेल यांच्यामध्ये अडवणारं कुणीच नाही. मग सेलच्या एका बाजूला लिथियम धातू साचू लागतो, दुसऱ्या बाजूचं रसायन बिघडून ऑक्सिजन सोडू लागतं, उष्णतेने मधला पातळ पडदा वितळतो. आग स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, म्हणून चादर टाकून ती कोंडली जात नाही. धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो. आणि कपाट दाराजवळ आहे, म्हणजे बाहेर पडायची वाटच तिथे.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूममधल्या आगीचा धूर वरच्या हॉटेलात भरला, आठ माणसं गेली. त्या वर्षी या बातम्या एकामागून एक येत होत्या.

सरकार हललं, हे मी मनापासून मान्य करते. रस्ते वाहतूक मंत्रालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एआयएस-१५६ हे दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीचं मानक कडक केलं. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. पॅकमध्ये पाणी शिरता कामा नये. सेल कधी बनला ते कळलं पाहिजे. आतला एक सेल बिघडून तापला तरी पॅकला आग लागता कामा नये. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. सेलमधली चूक शंभर टक्के टाळता येत नाही. पण ती एका सेलपुरती थांबवता येते. त्यासाठी सेलांमध्ये अंतर ठेवावं लागतं, वायू बाहेर पडायला वाट द्यावी लागते, पॅक मोठा आणि महाग होतो. नियम नसता तर हे अंतर पहिल्यांदा कापलं गेलं असतं. किमतीची चर्चा कशी चालते हे मी रोज ऐकते.

पण हा नियम नवीन गाडीला मंजुरी देताना पाहतो. काकांची गाडी २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, म्हणजे नियमांच्या लेखी मोटार वाहनच नाही. नंबर प्लेट नाही, आरटीओशी संबंध नाही. आणि तिच्यात दुकानात बसवलेला पॅक तर कुणाच्याच टेबलावरून गेलेला नाही. सेल कुठून आले, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले आहेत का, हे विचारणारं कुणी नाही.

न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये नेमकी हीच जागा पकडली. प्रमाणित नसलेल्या ई-बाइक, ई-स्कूटर आणि सुट्या बॅटऱ्याही विकायला बंदी, आणि वापरलेले सेल काढून पुन्हा पॅक बांधायलाही बंदी. नियम गाडीवर थांबला नाही, बॅटरीपर्यंत गेला. आपल्याकडेही हेच हवं. सुटा विकला जाणारा, गाडी चालवणारा प्रत्येक पॅक, गाडी कितीही हळू असो, तपासलेला हवा. त्यावर क्रमांक हवा आणि दुकानदाराच्या बिलावर तोच क्रमांक. चार्जरने आधी पॅकला ओळखावं आणि मगच पुरवठा सुरू करावा. लेड ॲसिडची जोडणी लिथियमच्या पॅकमध्ये बसताच कामा नये. यातलं शेवटचं काम तर प्लास्टिकच्या साच्याचं आहे, त्याला नवं संशोधन लागत नाही.

दुरुस्तीवाल्यांच्या पोटावर पाय येईल, असं आमच्यातलेच काही म्हणतात. त्यांचा धंदा चालावा असं मलाही वाटतं. स्पॉट वेल्डिंग, म्हणजे सेलांना पट्ट्या जोडण्याचं काम, उत्तम करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना प्रशिक्षण द्या, परवाना द्या, तपासणीची सोय जिल्ह्याजिल्ह्यात करा. पण झोपलेल्या घराच्या दारात काय ठेवलं जातंय, याची जबाबदारी कुणाच्या तरी सहीने घेतलेली असली पाहिजे.

काकांचा पॅक मी सध्या चार्जरपासून काढून पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवायला सांगितला आहे. पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभेत दोन विषय मांडणार आहे: खाली चार्जिंगसाठी स्वतंत्र एमसीबीसह जागा, आणि जिन्यात-दाराशी बॅटरी लावायला बंदी. मंत्रालयाला पाठवायच्या पत्राचा मसुदाही सोबत नेते आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी सभेआधी भेटा.