शेकरचं झाकण

कॉकटेलांपैकी नेग्रोनी पहिल्याच फटक्यात जमली. जिन, काम्पारी (कडू लाल मद्य), गोड व्हर्मूथ (मसालेदार वाइन), तिन्ही ३० मिली. बर्फावर ढवळलं, वर संत्र्याची साल पिळली, झालं. जिन-लिंबू-सोड्याची टॉम कॉलिन्स तर उंच ग्लासातच होते. त्यामुळे जिन सावर करायला घेताना मी जरा हवेत होतो.

६० मिली जिन, ३० मिली लिंबाचा ताजा रस, २० मिली साखरेचा पाक आणि एका अंड्यातलं पांढरं. फेसासाठी शेकरमध्ये, म्हणजे झाकणाच्या धातूच्या भांड्यात, आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून. बिनबर्फाच्या फेरीत झाकण जागेवर राहीना. निम्मं अंडं शर्टावर. पुन्हा सगळं मोजलं, झाकण तळहाताने दाबून धरलं, मग बर्फ घालून १५ सेकंद हलवलं. आणि आता तेच झाकण निघेना!

पिळलं, ओढलं, फडक्यात धरलं, ओट्यावर आपटलं. बाहेर पाहुणे खोळंबलेले. 'आलोच' असं तिसऱ्यांदा ओरडून मी पक्कड शोधायला गेलो. पक्कड घसरली. आत बर्फ वितळत होता, खळखळ बारीक होत चालली होती. गार झालेली आतली हवा आकसते, बाहेरच्या हवेचा दाब झाकण घट्ट बसवतो, वर धातूही आकसतो, हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी फक्त शिव्या घालत होतो. शेवटी वैतागून सांध्यावर कोमट पाण्याची धार सोडली, आणि फट्! दहा मिनिटं गेली होती. ग्लासात उतरलं ते पांचट सरबत. फेस मात्र देखणा. पाहुणे सभ्य, संपवलं बिचाऱ्यांनी.

तुमचा शेकर तीन तुकड्यांचा (भांडं, गाळणी, टोपण) असेल तर आधी वरचं छोटं टोपण काढा. हवा आत शिरली की गाळणीचा भाग बहुधा मुकाट्याने सुटतो. पक्कड नको, माझ्या शेकरवर तिचे दात अजून आहेत. बर्फ भरपूर घाला, चार खडे घातले तर ते लगेच पाणी होतात. पाकाचं राहिलं: साखर आणि पाणी समसमान. आणि रस किंवा अंडं नसेल, म्हणजे मार्टिनी वगैरे, तर शेकर बाहेर काढूच नका, चमचा पुरे.

हो, व्हर्मूथ. ती मुळात वाइनच, बाटली उघडली की फ्रिजमध्ये हवी. माझी दोन महिने कपाटात होती आणि पुढची नेग्रोनी का बिघडली म्हणून मी जिनला दोष देत बसलो होतो.