मावशीचा प्रश्न आणि नाशिक

आमच्या वसईत नोव्हेंबर म्हणजे कबरी धुण्याचा महिना. १ तारखेला सकल संतांचा सण, २ तारखेला मृतांचा दिवस, आणि मग आठवडाभर दफनभूमीत झेंडू, मेणबत्त्या आणि जपमाळा. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली आणि पापनिवेदन, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) वगैरे अटी पाळल्या, तर शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्याला पूर्ण दंडमाफी मिळते, पापाची उरलेली शिक्षा माफ होते, अशी चर्चची शिकवण. मावशीने यंदा हे सगळं काकांसाठी केलं. केलं आणि म्हणाली, "आता मला नाशिकला ने. बाळ येशूला एक विचारायचंय."

काय विचारायचंय ते कसारा घाटात कळलं. दादरहून सकाळची तपोवन पकडली होती. मावशीने सुकेळ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा उघडला, माझ्या हातावर दोन ठेवली आणि सरळ मुद्द्यावर आली. "स्वर्गात लग्न नसतं म्हणे. प्रभूनेच सांगितलंय ना?"

सांगितलंय खरं. सदूकी, म्हणजे पुनरुत्थान न मानणारे यहुदी लोक, येशूला अडचणीत आणायला एक गोष्ट रचून येतात: सात भाऊ, एकामागून एक मरतात, प्रत्येकाच्या मागे तीच बायको. पुनरुत्थानानंतर ती कोणाची? येशू म्हणतो, तिथे कोणी लग्न करत नाही, करून देत नाही. मत्तयाच्या २२ व्या अध्यायात आहे.

"मग हे मला ओळखतील का?" मावशीने विचारलं. बोगदा आला, गाडीच्या आवाजात बोलणं थांबलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. असल्या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा माणूस मला आवडत नाही.

नाशिक रोडला उतरून बाळ येशूच्या मंदिरात पोचायला फार वेळ लागत नाही. रस्ते सिंहस्थाच्या कामांनी जागोजागी उकरलेले, रिक्षावाल्याची बडबड अखंड. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी इथे यात्रा भरते, तेव्हा मुंबई, वसई, गोवा, सगळीकडची माणसं येतात आणि पहाटेपासून वेगवेगळ्या भाषांत मिस्सा चालतात. आम्ही गेलो तो साधा वार होता. आवार शांत, मेणबत्त्यांच्या जागी मेणाचा थर, दोन-तीन कुटुंबं. येशूसंघाचे (जेज्विट) फादर हे तीर्थस्थान पाहतात. १९८७ साली नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव हेही येशूसंघीयच.

वेदीपुढे एक आजी बसल्या होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर तान्हं बाळ. सिन्नरहून आल्या होत्या. मावशीने बाळाच्या गालाला हात लावताच त्यांनी सगळी हकिगत सांगितली. सुनेला दिवस राहत नव्हते, इथे नवस बोलल्या होत्या, आता पाया पाडायला आणलंय. "आमचा बाळकृष्ण आन् हा, दोघंबी ल्हानच की वो," त्या म्हणाल्या. धर्मशास्त्राच्या दृष्टीने यावर बरंच बोलता येईल. तिथे बसून मला काही बोलावंसं वाटलं नाही.

एरवी अशा देवस्थानांबद्दल माझं मन थोडं साशंक असतं. नोकरी, व्हिसा, मूल, खटला, सगळ्यांच्या याद्या. देवाशी हा व्यवहारच नाही का? पण ज्या मूर्तीवरून जगभरचे बाळ येशू घडले, तिची कथा उलट दिशेने जाते. प्रागची ती मूर्ती जेमतेम हातभर उंचीची, लाकडावर मेण चढवलेली, स्पेनहून आलेली. १६२८ मध्ये पोलिक्सेना लोबकोविच या सरदार घराण्यातल्या बाईने ती कार्मेलाइट साधूंना दिली. १६३१ मध्ये सॅक्सन सैन्य शहरात घुसलं, मठ लुटला गेला, मूर्ती अडगळीत फेकली गेली आणि तिचे हात तुटले. १६३७ मध्ये फादर सिरिल यांना ती सापडली. परंपरा सांगते की प्रार्थनेत त्यांना शब्द ऐकू आले: माझ्यावर दया कर म्हणजे मी तुझ्यावर दया करीन, मला माझे हात दे म्हणजे मी तुला शांती देईन.

म्हणजे मागणं आधी देवाकडून आलं. तेही तुटक्या हातांचं. मला कॅथलिक श्रद्धेतली ही गोष्ट फार जवळची वाटते. आपण देवावर प्रेम करायला शिकायचं, मग तो प्रसन्न होणार, असा क्रम इथे नाहीच. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की प्रेम यात आहे की आपण देवावर केलं असं नव्हे, त्याने आपल्यावर केलं. तो लहान होऊन येतो. लहान मुलाशी कोण सौदा करणार? त्याला उचलून घ्यायचं, एवढंच.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाने संन्यासिनी म्हणून नाव घेतलं ते याच बाळ येशूचं. मठातल्या बाळ येशूच्या मूर्तीची देखभाल तिच्याकडे होती, ती तिला फुलांनी सजवायची. १८९७ मध्ये, चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. मोठं काम म्हणावं असं काही तिने केलं नव्हतं; पुढे १९९७ मध्ये चर्चने तिला आचार्य, म्हणजे जिच्याकडून सगळ्यांनी शिकावं अशी संत, ठरवलं. १८९५ मध्ये लिहिलेल्या आत्मार्पणाच्या प्रार्थनेत ती म्हणते की आयुष्याच्या संध्याकाळी मी तुझ्यापुढे रिकाम्या हातांनी येईन. पुण्याची पुरचुंडी नको, तूच हवास. पवित्रपणाची माझ्या मनातली जुनी कल्पना, म्हणजे उपास, व्रतं, कधी न चिडणारा चेहरा, हे तिच्यापुढे टिकत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयीच्या दस्तऐवजात हेच अधिकृतपणे सांगितलं: पवित्रता ही फादर-सिस्टरांपुरती नाही, ती प्रत्येकाला बोलावणं आहे. स्वयंपाकघरात, शेतात, रात्रपाळीत.

मावशी कार्यालयात काकांसाठी मिस्सा लावायला गेली. टेबलावरच्या वहीत पेन टेकवून त्या भल्या माणसाने विचारलं, "मृताचं नाव?" मावशीने सांगितलं. त्याने लिहिलं, शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली आणि मग मिटली.

माझा कॉलेजमधला मित्र गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षं करतो. तो गाडी घेऊन आला आणि "मावशी, आधी बाग बघा, मग रामकुंड," म्हणत आम्हाला घेऊन गेला. त्याच्या एका प्लॉटची छाटणी यंदा उशिरा झाली होती. तारांवर नुसत्या काड्या. एप्रिलची खरड छाटणी वेगळी, तिच्यात काडी तयार होते. ही फळछाटणी, हिच्यात माल. त्याने एक काडी जवळ ओढून दाखवली: पांढुरका ताजा काप, त्याखाली मोजून ठेवलेले डोळे आणि त्या फुगीर डोळ्यांना लावलेली पेस्ट, सगळे एकदम फुटावेत म्हणून. "नाही छाटली तर पाला लई, घड नाही," तो म्हणाला.

वेलीचा दाखला येशूने शेवटच्या रात्री दिला, योहानाच्या १५ व्या अध्यायात. फळ देणाऱ्या फाट्याला बाप छाटतो, अधिक फळ यावं म्हणून. काका गेले तेव्हा कोणीतरी हे वचन मावशीला ऐकवलं होतं, आणि ती त्या माणसाशी अजून नीट बोलत नाही. मी तिच्या बाजूने आहे. शोकात असलेल्या माणसाच्या तोंडावर असलं वचन फेकणं ही क्रूरताच. शिवाय त्याच अध्यायात काही ओळी पुढे खरी गोष्ट आहे: माझ्या प्रीतीत राहा. फाट्याला वेगळं काही करायचंच नाही. वेलीला धरून राहायचं. रस वेल पुरवते, कात्री माळ्याच्या हातात, घड आला तर तो फाट्याचा पराक्रम नव्हे. तेरेझाचे रिकामे हात मला या काडीत दिसले.

दुपारी मिसळ खाल्ली. मावशीला ती तिखट लागली, पण तिने दुसरा पाव मागवला.

रामकुंडावर नेहमीची वर्दळ. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं अशी श्रद्धा आहे, आणि देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात; इथल्या अस्थिविलय तीर्थात त्या विरघळून जातात असं मानतात. एक कुटुंब पायरीवर बसलं होतं. मुंडन केलेला मुलगा, त्याच्यासमोर लाल कापडात बांधलेला कलश. गुरुजींनी विचारलं, "गोत्र? वडिलांचं नाव? आजोबांचं? पणजोबांचं?" पणजोबांच्या नावाशी मुलगा अडखळला. मागून त्याच्या आत्याने सांगितलं. इथल्या पुरोहितांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात, हे ऐकून होतो.

मावशीने माझा हात दाबला. "इथेही नाव विचारतात."

आमच्याकडे दहनाला १९६३ पासून परवानगी आहे, हे अनेक कॅथलिकांनाच माहीत नसतं. पण २०१६ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की रक्षा नदीत, समुद्रात, वाऱ्यावर सोडायची नाही. ती दफनभूमीत किंवा पवित्र जागी ठेवायची. नदीबद्दल आकस आहे म्हणून हा नियम आलेला नाही. एक कारण असं दिलंय की मृत माणूस नातेवाइकांच्या आणि मंडळीच्या प्रार्थनेतून, आठवणीतून निसटू नये. दुसरं कारण खोल आहे. आम्ही मिस्सात दर रविवारी मृतांच्या पुनरुत्थानाची कबुली देतो. थेंब समुद्रात मिसळावा तसा आत्मा देवात विरून जातो, असं कॅथलिक श्रद्धा म्हणत नाही. ती म्हणते, हा माणूस, या नावाचा, या देहाचा, देवासमोर उभा राहील. यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो, मी तुला नाव घेऊन हाक मारली आहे. गोदावरीच्या काठावर दोन श्रद्धा इथे वेगळ्या होतात, आणि त्या वेगळ्या राहिल्या तर काही बिघडत नाही.

पायऱ्यांवर बसून मी मावशीला प्रोबाबद्दल सांगितलं. चौथ्या-पाचव्या शतकातली श्रीमंत रोमन विधवा, तिची तीन मुलं कॉन्सुल, म्हणजे रोमचे बडे पदाधिकारी, झालेली. तिने बिशप असलेल्या संत ऑगस्टिनला प्रार्थनेबद्दल विचारलं, त्याने लांबलचक उत्तर पाठवलं. त्याचं म्हणणं, मुळात आपल्याला एकच हवं असतं, धन्य जीवन. आणि ते नेमकं काय हे आपल्याला ठाऊक नसतं, तरी ओढ असते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेवरच्या परिपत्रकात हे पत्र काढून पुढे एक धीट प्रश्न घातला: न संपणारं आयुष्य खरंच हवंय का कोणाला? नुसतं लांबत जाणारं जगणं कंटाळवाणं, असह्यच. शाश्वत जीवन म्हणजे कॅलेंडरची न संपणारी पानं नव्हेत, अथांग प्रेमात बुडून जाणं, जिथे आधी आणि नंतर उरत नाही. आणि येशू तर योहानाच्या १७ व्या अध्यायात वर्तमानकाळात बोलतो: शाश्वत जीवन हेच की त्यांनी तुला ओळखावं. ओळखणं आत्ताच सुरू होतं, मरणानंतर नाही.

"आणि माणसांनी माणसांना?" मावशी सोडणारी नव्हती.

मी म्हटलं, सदूकींना येशूने लग्न नाही असं सांगितलं, प्रेम नाही असं नाही. पौल करिंथकरांना लिहितो की प्रेम कधी संपत नाही. मग ज्याच्यावर केलं तो अनोळखी कसा होईल? उलट तिथे नीट ओळख पटेल. इथे काकांच्या रागाआड, दुखण्याआड बरंच झाकलं गेलं होतं. शेवटच्या वर्षी तू त्यांचे पाय चोळायचीस ते वाया गेलं असेल असं मला वाटत नाही. सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत, क्रुसाचा योहान म्हणतो, आयुष्याच्या संध्याकाळी आपला न्याय प्रेमावरून होईल.

वाटेत मित्राने शरणपूर दाखवलं. इथली जुनी वस्ती प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची, आमची नव्हे. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना १९ व्या शतकात इथे शिकवलं जाई. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या स्कॉटिश मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा सोबत्यांनी त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं, त्या झाडावर वेनराइटने अक्षरं कोरली, आणि सगळ्यांनी मिळून त्याचा देह किनाऱ्यापर्यंत चालत नेला. हजार मैलांहून जास्त. वेनराइट देहाबरोबर लंडनपर्यंत गेला. नाशिकमध्ये शिकलेला तो मुलगा संतांच्या कोणत्याही यादीत नाही, पण मृताची आठवण म्हणजे काय ते त्याला कळलं होतं.

फलाटावर मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग पुड्यातलं उरलेलं सुकेळं तोंडात टाकत म्हणाली, "नाही ओळखलंच त्यांनी, तर मी ओळख करून देईन. पहिल्यांदाही मीच बोलले होते, पापडीच्या बाजारात. हे नुसते उभे होते खांबासारखे."

फेब्रुवारीच्या यात्रेला यायचं की नाही यावर मात्र आमचं जमलं नाही. तिला गर्दी हवी, लाउडस्पीकर हवा, नवे कपडे घालून नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना हवी. मला साधा वार बरा. गाडी इगतपुरीला थांबली तरी वाद चालूच होता.