काही बोलत नाही, म्हणजे झालं का?

"अगं, बंद कर ते आधी. काहीतरी बिघडलंय."

मावशीच्या लॅपटॉपवर मी टर्मिनल, म्हणजे कमांड लिहून संगणकाकडून काम करून घ्यायची खिडकी, उघडलं तेव्हाचं तिचं हे पहिलं वाक्य. मी अजून एक अक्षरही टाइप केलं नव्हतं. काळी चौकट, एक ओळ आणि लुकलुकणारा कर्सर, एवढंच समोर होतं. तिने आयुष्यभर विंडोज वापरलेलं. तिथे अशी चौकट तिला दिसायची ती कधीतरी आपोआप उघडून क्षणात मिटताना. काळी चौकट म्हणजे आपण न सांगता काहीतरी चाललंय, हा तिचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता.

मावशीला टाइप करण्याची भीती नाही, हे मुद्दाम सांगते. तिने तीस वर्षं हिशेब सांभाळले. स्प्रेडशीटमध्ये ती एकात एक अडकवलेली चार-चार कंसांची सूत्रं सहज लिहिते. त्यामुळे "साध्या माणसांना कमांड झेपत नाहीत" असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. सूत्र म्हणजे कमांडच की.

काम सोपं होतं. तिने स्कॅन केलेले साधारण नऊशे जुने फोटो सव्वीस फोल्डरांमध्ये विखुरले होते, ते एका 'फोटो' नावाच्या फोल्डरात आणायचे होते. स्कॅनरने सगळ्यांना ओळीने क्रमांक दिले होते, म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइल एकमेकींवर येण्याची भीती नव्हती. मी 'एमव्ही'ची, म्हणजे फाइली हलवायच्या कमांडची, एक ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि फोन आला म्हणून उठले. स्क्रीनवर काहीच आलं नाही. मावशीने थोडा वेळ वाट पाहिली. काही झालेलं दिसेना, म्हणून वरच्या बाणाची कळ दाबली (मला दाबताना तिने पाहिलं होतं) आणि तीच ओळ पुन्हा चालवली. आता सगळे फोटो 'फोटो'मध्येच होते आणि ओळ त्यांनाच उचलून पुन्हा तिथेच ठेवू पाहत होती. 'या दोन्ही एकच फाइल आहेत' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी, प्रत्येक फोटोमागे एक, स्क्रीनवरून धडाधड धावत गेल्या. मी परत आले तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसली होती. "सगळे गेले ना गं?"

एकही गेला नव्हता. काम पहिल्याच वेळी पूर्ण झालं होतं. यंत्र यशाच्या वेळी गप्प बसलं आणि ज्यात काही बिघडलं नव्हतं त्यावर नऊशे वेळा ओरडलं.

या गप्प बसण्याला कारण आहे. 'एमव्ही'सारख्या कमांड ज्या युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून आल्या, तिची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत झाली. तेव्हा समोर पडदा नसायचा, टेलिटाइप मॉडेल ३३ सारखं यंत्र कागदावर सेकंदाला दहा अक्षरं ठोकायचं. 'झालं' एवढं सांगण्यातही वेळ आणि कागद जायचा. कमांडची नावं दोन-दोन अक्षरांची का, हेही त्यातून कळतं. पुढे १९७३ मध्ये पाइप आला आणि एका प्रोग्रॅमचं उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडात जाऊ लागलं; तिथे मधेच आलेली 'काम फत्ते'ची ओळ पुढच्याला कचरा ठरली असती. हे सगळं मी मावशीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण चुकलं तर परत कसं आणायचं?"

कमांड लिहून काम करण्याच्या या पद्धतीबद्दल, म्हणजे कमांड लाइनबद्दल, मला आजवर कोणी विचारलेला हा सर्वात चांगला प्रश्न आहे. तिच्या बोटांना केलेलं मागे घेणारी कंट्रोल-झेड पाठ आहे. टर्मिनलमध्ये तीच कळ चालू काम मध्येच थांबवून ठेवते. कॉपीची कंट्रोल-सी तर ते काम बंदच पाडते. पासवर्ड टाइप करताना बहुतेक ठिकाणी ठिपकासुद्धा उमटत नाही; कीबोर्ड बंद पडला असं समजून तिने तो तीनदा पहिल्यापासून टाइप केला होता. ज्या खुणांवर माणसाचा भरवसा असतो, त्या सगळ्या इथे एकदम काढून घेतल्या जातात. मग घाबरू नकोस म्हणण्यात काय अर्थ?

उलट, जिथे घाबरायला हवं तिथे लोक घाबरत नाहीत याची मला जास्त काळजी वाटते. आमच्या ऑफिसातल्या एक ताई काळ्या चौकटीला हात लावत नाहीत. पण 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं सांगणाऱ्या एका पानावर त्या विंडोज-आर (कमांड चालवायची छोटी चौकट उघडणारी कळ), मग पेस्टची कंट्रोल-व्ही, मग एंटर असं करायला निघाल्या होत्या. ते पान गुपचूप क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, कमांड ठेवतं आणि माणसाच्याच हाताने ती चालवून घेतं. नशिबाने त्यांनी एंटरआधी मला हाक मारली. तिथे काळं काही दिसत नव्हतं, म्हणून शंका आली नाही.

मावशीच्या बाबतीत चूक माझी होती. तिच्या हातातून कीबोर्ड घेऊन मी भरभर टाइप करून मोकळी झाले होते. पुढच्या वेळी कीबोर्ड तिच्याकडेच ठेवला. आधी नुसतं 'एलएस', म्हणजे इथे काय काय आहे ते बघायचं. मग कमांडच्या जागी 'एको' लिहून तीच ओळ चालवायची: कोणत्या फाइली उचलल्या जाणार त्यांची नावं दिसतात, हलत काहीच नाही. हे तिला फार आवडलं. "कच्चा हिशेब," ती म्हणाली, आणि वहीत तेच नाव लिहून ठेवलं.

आता फायली हलवायच्या असल्या की ती मला बोलावत नाही. कच्चा हिशेब, मग एमव्ही, मग एलएस, हा तिचा क्रम ठरलेला आहे. फाइल डिलीट मात्र ती माउसनेच करते, कारण तिथून ती ट्रॅशमध्ये जाते आणि 'आरएम' या डिलीटच्या कमांडने गेलेली जात नाही. तो कमांड मी तिला शिकवलेला नाही. तिनेही विचारलेला नाही.