टेकडीवरचे तीन चौकोन, पावसाळा तिसरा (आणि माझ्या बुटांनी घातलेला घोळ)

तर मंडळी, पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या चौकोनांचा यंदाचा हिशोब. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, २०२३ च्या जूनमध्ये एक मीटर बाय एक मीटरचे तीन चौकोन ठरवले, अ उघड्या मुरमाड पठारावर, ब पायवाटेपासून दहा-बारा पावलं आत गवतात आणि क थेट गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांच्या सावलीत. दर सप्टेंबरअखेर त्यात किती प्रकारच्या वनस्पती उगवल्यात ते मोजायचं, बस. पहिल्या वर्षी तंबूचे प्लॅस्टिकचे खुंटे ठोकले होते ते पंधरा दिवसांत गायब झाले, तेव्हापासून ओळखीचे दगड, सुतळी आणि जुने फोटो यावरच भागवतोय.

यंदा मोजणी २८ सप्टेंबरला, रविवारी. पाऊस मे महिन्यातच आल्यामुळे गवत जाम वाढलेलं, अ शोधायलाच अर्धा तास गेला.

आकडे असे. अ मध्ये २१, मग २२, आता २४ प्रकार. क मध्ये १०, ९, ९. आणि ब मध्ये १९, २३, २६. ब बघून मी जाम खूश, म्हटलं काय मस्त चाललंय, तीन वर्षांत सात प्रकार वाढले! घरी येऊन यादी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाढलेले सगळे कोण, तर एकदांडी, गाजर गवत, पिवळा कॉसमॉस, रानतुळस, असली सगळी बाहेरून आलेली मंडळी. आणि हे सगळे चौकोनाच्या एकाच बाजूला, पश्चिमेच्या. पश्चिमेलाच का? कारण दर वेळी मी तिथेच गुडघे टेकून बसतो, तिथूनच फोटो काढतो, बॅग तिथेच टाकतो!! तिथली माती दाबली गेली, कुसळी गवत मेलं, ऊन थेट जमिनीवर पडायला लागलं आणि बुटाला चिकटून बी मीच आणलं असणार. म्हणजे टेकडी कशी बदलते हे बघायला गेलो आणि ती बदलणारा प्राणी मीच निघालो. आता एका दगडावर उभं राहून काठीला मोबाईल बांधून फोटो काढतो, येणारे-जाणारे बघतात, बघू देत.

दुसरा घोळ त्याहून लाजिरवाणा. दोन वर्षं ब मधल्या एका झाडाला मी टाकळा म्हणून मोजत होतो. यंदा शेंगा धरल्या तेव्हा बघितलं. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली असते आणि ही आखूड, चपटी, केसाळ, मधे मधे आडव्या खाचा आणि पानाच्या बेचक्यात गुच्छाने. सेना युनिफ्लोरा, मूळची अमेरिकेची. काही ठिकाणी गाजर गवताला ती मागे रेटते म्हणून लोक तिचं कौतुक करतात, पण गाजर गवत हटल्यावर जागा मूळच्या गवताला परत मिळत नाही, तिलाच मिळते. जुन्या याद्या दुरुस्त केल्या, वरच्या आकड्यांना फरक पडत नाही, नाव तेवढं बदललं.

गाजर गवताबद्दल एक गंमत. १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच ते भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं, आणि त्याला खायला मेक्सिकोहून आणलेला पट्टेरी भुंगेरा १९८४ पासून सोडला गेला. ब मधल्या पाच रोपांपैकी तीन रोपांची पानं त्याने चाळणी केली होती, एक भुंगेरा तर सुतळीवरच बसलेला, पिवळसर पाठीवर काळ्या वेलांट्या. रोपं मेली नाहीत पण फुलं कमी होती.

आता क. इथे बोलण्यासारखं फार नाही आणि तेच बोलण्यासारखं आहे. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं, पटकन वाढतं, शेळ्यामेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत म्हणून टेकड्या हिरव्या करायला लावलं गेलं. फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात तेव्हा सगळे सेल्फी काढतात. पण पावसाळाभर खाली गडद सावली, गवताला ऊनच नाही. क मध्ये केना, आघाडा, आणि गिरिपुष्पाचीच एकवीस पिल्लं. एकवीस! उन्हाळ्यात शेंगा तडकून बी लांब उडतं, त्याचा हिशोब हा.

मागे कुणीतरी लिहिलं होतं की मुळात टेकडीवर जंगलच होतं, तोडलं म्हणून गवत आलं. माझंही आधी तेच मत होतं. पण दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या संशोधकांचा २०२५ चा अभ्यास वाचा, त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या ओव्या, चरित्रं, कथा तपासल्या, काही तर तेराव्या शतकातल्या, आणि त्यात उल्लेख असलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी २७ गवताळ-काटेरी माळरानाच्या निघाल्या, निव्वळ जंगलाच्या फक्त तीन. म्हणजे आपल्याकडचा बराचसा माळ हा उजाड झालेलं जंगल नाही, तो माळच आहे. टेकडीच्या प्रत्येक कोपऱ्याला हे लागू होईल असं मी म्हणत नाही, पण अ कडे बघताना नजर बदलली एवढं खरं.

अ मध्ये यंदा नभाळी भरपूर. कुसळीला नुकतीच कुसं (बियांची लांब, केसासारखी शेपटं) आली होती, एक पिकलेलं कूस काढून ओल्या तळहातावर ठेवलं तर स्क्रूसारखं हळूहळू फिरायला लागलं, टोकदार बी असंच जमिनीत घुसतं. भाचीला व्हिडिओ पाठवला तर म्हणे मामा हा किडा आहे का.

नवशिक्यांना एकच सांगणं, ऑगस्टमध्ये गवत ओळखायला जाऊ नका, सगळं सारखंच दिसतं, तुरे येऊ द्या. अ मधले दोन गवतांचे प्रकार मलाही अजून ओळखता आलेले नाहीत, एक मारवेल गवतासारखा वाटतो पण कांड्यांच्या गाठींवर केस नाहीत. फोटो टाकतोय, कुणाला जमलं तर सांगा. पुढची फेरी दिवाळीनंतर, तोवर गुडघे पूर्वेकडे.