जॉन म्यूर वे: बॅलॉख-स्ट्रॅथब्लेन टाळा, किनील चुकवू नका

स्कॉटलंडमधल्या जॉन म्यूर वे या पायवाटेबद्दल कुठेही वाचा, सगळीकडे एकच लिहिलेलं असतं, सोपी वाट, भरपूर निसर्ग, कुणालाही जमेल. सोपी हे अर्धंच खरं आहे आणि निसर्गासाठी जाणार असाल तर उत्तरेच्या डोंगराळ हायलँड्समध्ये जा, इथे येऊ नका. पश्चिमेच्या हेलेन्सबरापासून पूर्वेच्या डनबारपर्यंत 215 किमीची ही वाट 2014 मध्ये सुरू झाली. नाव जॉन म्यूरचं, म्हणजे योसेमिटी नॅशनल पार्क व्हावं म्हणून झगडला, 1892 मध्ये सिएरा क्लब ही निसर्गरक्षणाची संस्था काढली तो माणूस, पण तो जन्मला डनबारला आणि 1849 मध्ये, अकरा वर्षांचा व्हायच्या आधीच घरच्यांबरोबर अमेरिकेला गेला, त्यामुळे शेवटचं गाव सोडलं तर या वाटेवर म्यूर जवळजवळ नाहीच. जे आहे ते भलतंच भारी आहे आणि त्याबद्दल कुणी धड सांगत नाही म्हणून हे लिहितेय. वाफेचं इंजिन, टीव्ही, मळणी यंत्र, लंडनचे पूल, हे सगळं ज्यांनी केलं त्यांच्या गावांतून, अंगणांतून ही वाट जाते.

सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केले असतील तर फिटनेसचं टेन्शन नको. चांगले वॉटरप्रूफ शूज आणि खरोखरचं रेनजॅकेट तुमच्याकडे असेलच असं धरून चालते.

हेलेन्सबराला ग्लासगोहून लोकल ट्रेन जाते. समुद्रकिनाऱ्यावर जॉन लोगी बेअर्डचा अर्धपुतळा आहे, 1888 मध्ये याच गावात जन्मला आणि जानेवारी 1926 मध्ये लंडनच्या सोहोत एका माडीवरच्या खोलीत त्याने लोकांसमोर टेलिव्हिजन चालवून दाखवला. तिथेच हेन्री बेलचा उंच दगडी स्तंभ आहे, त्याची कॉमेट बोट 1812 पासून क्लाइड नदीत वाफेवर प्रवासी नेत होती, युरोपात धंदा म्हणून चाललेली ही पहिली वाफेची बोट. दोन्ही बघून लगेच निघा, चढ दुपारी नको.

आता बॅलॉख ते स्ट्रॅथब्लेन. हा सगळ्यात लांब टप्पा आणि माझं स्पष्ट मत, हा करू नका. बॅलॉख सोडलं की दिवसभर एक दुकान नाही, चहा नाही, पाणी भरायला नळ नाही. किलपॅट्रिक टेकड्यांत शिरलात की दोन्ही बाजूंना एकाच जातीची, एकाच उंचीची, एकाच वेळी लावलेली झाडं, आत काळोख, खाली काही उगवत नाही, पक्षीसुद्धा ऐकू येत नाही. आम्ही गेलो तेव्हा पाऊस होता, मधे एका ठिकाणी झाडतोड झालेली, मशीनच्या चाकांनी रस्त्याचा पार चिखल केलेला, घोट्याच्या वर पाय जात होता आणि कडेने जावं तर तोडलेल्या फांद्यांचा ढीग. पाऊस थांबला की मिजेस. हे चिलटासारखे किडे झुंडीने चावतात, थांबून बिस्किट खायची सोय नाही. माझी वहिनी हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेली बाई, ती म्हणाली यापेक्षा ती नळी परवडली, तिथे निदान वर पोचल्यावर काहीतरी दिसतं.

ही झाडं म्हणजे सिटका स्प्रूस, आणि तीही एका स्कॉटिश माणसानेच आणलेली. डेव्हिड डग्लस, पर्थजवळच्या स्कोनचा, 1799 चा जन्म, लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बिया गोळा करायला पाठवलं होतं, त्याने सिटका आणली आणि डग्लस फर आणलं ते तर त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पस्तिशीत हवाईमध्ये रानटी गुरांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडून गेला. त्याने बी पाठवलं, पण लाकडासाठी डोंगरच्या डोंगर या एकाच झाडाने भरले ते विसाव्या शतकातल्या लोकांनी, त्यामुळे माझा राग डग्लसवर नाही. पण स्कॉटलंडहून जगात काय गेलं हे बघायला निघालात तर काय परत आलं तेही या रानात दिसतं, एवढं एक या टप्प्याच्या बाजूने बोलता येईल.

बॅगा पोचवणाऱ्या कंपनीला पैसे देऊ नका. हे ठळक अक्षरांत समजा. आम्ही एकीला दर बॅगेचे, दर टप्प्याचे पैसे दिले, वर 'आडगाव' म्हणून जादा, आणि स्ट्रॅथब्लेनला बॅग आली रात्री साडेनवाला, तोवर आम्ही ओल्या कपड्यांत बसून होतो. फोन केला तर म्हणे संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ. याची मुळात गरजच नाही, कारण अर्ध्याहून जास्त गावांना रेल्वे स्टेशन आहे. हेलेन्सबरा, बॅलॉख, फॉलकर्क, लिनलिथगो, फोर्थ ब्रिजजवळ डॅलमेनी, प्रेस्टनपॅन्स, नॉर्थ बेरिक, डनबार, आणि डिसेंबर 2023 पासून ईस्ट लिंटन पण. आधी ग्लासगोत मुक्काम करा, मग एडिनबरात, रोज ट्रेनने जा, चाला, ट्रेनने परत या. बीअँडबीचे पैसेही वाचतात.

स्ट्रॅथब्लेननंतरचे कालव्याकाठचे दिवस सोपे आणि छान आहेत, फॉलकर्क व्हील (बोटी एका कालव्यातून दुसऱ्यात उचलून नेणारं फिरतं चाक) बघा, पुढे चला.

बोनेसजवळ किनील हाउस आहे. वाट त्याच्या आवारातूनच जाते, लोक मोठ्या घराचा फोटो काढतात आणि निघून जातात, तुम्ही मागच्या बाजूला जा. झाडांत दगडी भिंतींची एक छोटी खोली आहे, छप्पर नाही, आत गवत, आणि बाहेर एक गंजलेला लोखंडी सिलिंडर उभा. इथे जेम्स वॉट काम करायचा. त्याच्या आधीच्या न्यूकमेन इंजिनात वाफ सिलिंडरमध्येच गार पाणी मारून थंड करायचे, म्हणजे दर फेरीला अख्खा सिलिंडर गार आणि परत तापवा, कोळसा नुसता जळतोय. वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं, सिलिंडर कायम गरम राहिला. पेटंट 1769 चं. पैसा लावला जॉन रोबकने, त्याला खाणीतलं पाणी उपसायला इंजिन हवं होतं, पण तेव्हा सिलिंडर आतून नीट गोल कापताच येत नव्हता, कडेने वाफ गळायची, इंजिन काही धड चालेना. शेवटी रोबकचं दिवाळं निघालं, त्याचा हिस्सा बर्मिंगहॅमच्या बोल्टनकडे गेला आणि नाव, पैसा सगळं तिकडे झालं. त्या बिनछपराच्या खोलीत उभी असताना मला भरून आलं, खरंच. आदल्या दिवसांचा सगळा थकवा वसूल. तिकीट नाही, गर्दी नाही. एक तास ठेवाच.

साउथ क्वीन्सफेरीला 1890 चा फोर्थ ब्रिज. आराखडा इंग्रज इंजिनिअरांचा, पण उभा केला विल्यम ॲरलने, लहानपणी सूतगिरणीत कामाला लागलेला आणि मग लोहाराकडे शिकलेला माणूस, लंडनच्या टॉवर ब्रिजचं लोखंडकामही त्याच्याच कंपनीचं. पूल खालून बघा, किनाऱ्यावरून, फुकट.

एडिनबरात किल्ल्याजवळच्या कॅमेरा ऑब्स्क्युराचं तिकीट महाग आहे, आत नाही गेलात तरी चालेल, पण इमारतीसमोर थांबा. हा नगररचनाकार पॅट्रिक गेडिसचा आउटलुक टॉवर. तोच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू करायला आला आणि त्यानेच आपल्या मालवणच्या गो. स. घुर्येंना निवडून पुढे शिकायला विलायतेला पाठवलं.

प्रेस्टनपॅन्सजवळ प्रेस्टनग्रेंजला 1874 चं पाणी उपसायचं प्रचंड इंजिन अजून उभं आहे. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा. 1606 च्या कायद्याने स्कॉटलंडचे कोळसा खाणकामगार आणि मिठागरवाले मालकाला बांधलेले होते, सोडून जायची मुभा नाही, खाण विकली की माणसंही तिच्याबरोबर जायची. 1775 मध्ये सुटका सुरू झाली, पूर्ण झाली 1799 मध्ये. म्हणजे वॉट किनीलला इंजिन जुळवत होता तेव्हा त्या इंजिनाने जो कोळसा काढायचा होता तो खणणारे वेठीला होते. आणि ग्लासगोचा बराचसा पैसा गुलामांनी पिकवलेल्या तंबाखू-साखरेचा. स्कॉटिश लोकांनी जगाला काय दिलं याच्या याद्यांमध्ये हे येत नाही, मला वाटतं यायला हवं.

नॉर्थ बेरिकपर्यंत किनारा, वाळू, मजा. मग ईस्ट लिंटन. हे चुकवू नका. गावच्या चर्चच्या आवारात अँड्र्यू मीकलची कबर आहे, 1780 च्या दशकात चालणारं मळणी यंत्र ज्याने केलं तो. जवळच्याच फॅन्टसी नावाच्या शेतावर 1761 मध्ये जॉन रेनी जन्मला, मीकलच्याच हाताखाली शिकला, वॉटने त्याला लंडनला बोलावून घेतलं आणि पुढे जुना वॉटर्लू ब्रिज त्याने बांधला. लंडन ब्रिजचा आराखडाही त्याचाच, 1831 मध्ये त्याच्या मुलाने पुरा केला आणि तो पूल आता ॲरिझोनात आहे, एका अमेरिकन उद्योजकाने विकत घेऊन दगडांना नंबर घालून तिकडे नेला. एवढ्याशा गावातले हे दोघं.

डनबारला म्यूरचं घर हाय स्ट्रीटवर, आत म्युझियम, प्रवेश फुकट, निघायच्या आधी त्या दिवशीची वेळ तपासा.

सगळी वाट करायला वेळ नसेल तर दोनच टप्पे करा, लिनलिथगो ते साउथ क्वीन्सफेरी आणि नॉर्थ बेरिक ते डनबार. मिजेसचा त्रास मुख्यतः पश्चिमेला, स्मिज नावाचा स्प्रे ग्लासगोतच घ्या, गावात नाही मिळाला तर हाल होतात. आणि बॅलॉखला पोचलात की तिथून ट्रेनने सरळ ग्लासगो, स्ट्रॅथब्लेनला जायचंच असेल तर ग्लासगोहून बस आहे.