मावशींच्या लाळेची स्लाइड

पीजीचं दुसरं वर्ष, थिसिस लाळेवर. हिरड्यांच्या आजारात लाळेत पांढऱ्या पेशी किती उतरतात ते मोजायचं. त्या दिवशी ओपीडीत एक मावशी आल्या, पंचेचाळिशीच्या, मिश्रीची सवय लग्नाआधीपासूनची, त्यात शुगर, खालचे पुढचे दात हलत होते आणि म्हणाल्या, "उशीवर रक्ताचे डाग पडतात गं डॉक्टर."

प्रोब, म्हणजे हिरडीची फट मोजायची बारीक सळई, लावायच्या आधी लाळ घ्यायची, नाहीतर रक्त मिसळतं. ५ मिनिटं मान खाली घालून ट्यूबमध्ये नुसती गळू द्यायची. मावशी लाजून पदर तोंडाला लावत होत्या, "थुंकीत काय बघायचं?" मी ट्यूब उजेडात धरली, गढूळ, तार सुटणारी, गुलाबी झाक. शेजारी माझी स्वतःची, तुलनेसाठी कंट्रोल म्हणून घेतलेली, जवळजवळ पाण्यासारखी. सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवल्यावर त्यांच्या ट्यूबच्या तळाशी जाड साका बसला होता. मग प्रोब लावला तर पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दातामधली फट, ७-८ मिमी खोल, निरोगी हिरडीत ३ पर्यंत असतं.

साक्याची स्लाइड करून लीशमन स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून लावायचा रंग, लावला आणि ऑइल लेन्सखाली बघितलं तर फील्ड न्यूट्रोफिलनी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, गच्च भरलेलं, कुणाच्या पोटात जंतू गिळलेले, काही फुटलेले आणि त्यांच्यातून जांभळे धागे ओढल्यासारखे. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो, जंतू त्यात अडकतात. साध्या स्टेनवर हे तेच जाळं असं छातीठोक म्हणता येत नाही, स्मिअर करताना चिरडलेली पेशीही अशीच दिसते. पण मी खूप वेळ तिथून हललेच नाही.

निरोगी तोंडातही न्यूट्रोफिल असतात, हिरडी आणि दाताच्या फटीतून रोज लाळेत येतात, तोंड राखतात. आजारात मात्र लाळेत जंतूंचे तुकडे, आयएल-१ बीटा, आयएल-८ असे संदेश वाढलेले असतात, पेशी आणखी येतात, चेकाळलेल्या राहतात आणि त्यांच्यातून सुटणारी इलास्टेज, एमएमपी-८ ही एन्झाइम जंतूंबरोबर आपलंच कोलॅजन नावाचं प्रथिन कापतात. दात धरून ठेवणारे तंतू या कोलॅजनचेच. आणि शुगर वाढलेली असली की हे आणखी पेटतं, हे मला मावशींना समजावायचं होतं.

मी त्यांना मायक्रोस्कोपला बसवलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "म्हणजे गंजीची आग विझवायला आले आणि उभं पीकच तुडवलं म्हण की." इतकं नेमकं मला लेक्चरमध्ये कधी सांगता आलं नव्हतं.

स्केलिंग, रूट प्लॅनिंग, म्हणजे दात आणि मुळं खरवडून साफ करणं झालं, मिश्री सोडवायला ३ भेटी गेल्या, शुगरच्या डॉक्टरांनाही चिठ्ठी दिली. ६ आठवड्यांनी परत लाळ घेतली, ट्यूब बरीच स्वच्छ, पेशींचा काउंट उतरलेला. गेलेलं हाड मात्र भरून येत नाही, एक दात काढावाच लागला, ते मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी मात्र आधी ट्यूबच मागितली आणि खिडकीजवळ जाऊन उजेडात धरून बघितली.